चौथ्या क्रमांकाचं मैदान

कोडियाक, अलास्का
१४ सप्टेंबर १९८६

सोले,

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं, कारण इथे वाचायला दुसरं काही नाही आणि पेपरातले लांब शब्द मला झेपत नाहीत. दहावीत शाळा सोडली तेव्हा सगळे म्हणाले होते, पस्तावशील. पस्तावलो नाही, पण माझ्या शुद्धलेखनाला हसायचं नाही, सांगून ठेवतो.

काम तेच. माशाचं डोकं उडवा, पोट फाडा, पुढे ढकला. माझ्या शेजारी एक फिलिपिनो म्हातारा उभा असतो, एकोणीस हंगाम झालेत त्याचे. काल म्हणाला, "पोरा, तू सुरी चालवतोस की कुणाशी भांडतोयस?" माझे हात एका जागी राहत नाहीत, त्याला मी काय करू?

पपांचं खरं लिही. ममाँ फोनवर "बरे आहेत, बरे आहेत" असं दोनदा म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हाच मला घोर लागला. इस्पितळातून घरी आले एवढंच कळलं. मी आलो असतो, पण हंगाम संपल्याशिवाय इथून सोडत नाहीत.

फुटबॉलला गोलमध्ये अजून तूच ना? शाळेचं शेवटचं वर्ष आहे तुझं. किती सामने, कुणाला हरवलंत, सगळं लिही.

रेजाँ

*

सेंट बेनोआ, मेन
२५ सप्टेंबर १९८६

रेजाँ,

आधी पपा. बरे आहेत. (एकदाच लिहिलंय, बघ.) छाती भरते, खोकतात, पण जेवतात. काल ममाँने तव्यावर केलेले गव्हाचे प्लॉय तीन खाल्ले आणि म्हणाले, हे कसले, कुट्टूच्या पिठाचे कर. म्हणजे नेहमीसारखेच आहेत. लांबचा प्रवास तेवढा बंद. शाळेच्या मैदानापर्यंत ममाँ त्यांना ट्रकमधून आणू शकते, त्यापुढे नाही.

आता माझी काळजी ऐक. चार वर्षांत पपांनी मला गोलमध्ये उभी असलेली एकदाही पाहिलेली नाही. दर वर्षी त्या दिवसांत ते बटाट्याच्या गोदामात असायचे. यंदा मोकळे आहेत, तर आपले घरचे सगळे सामने ते इस्पितळात असताना होऊन गेले. उरलेत ते सगळे बाहेरगावी. म्हणजे राहिली फक्त बाद फेरी. उत्तर विभागातले पहिले आठ संघ त्यात जातात, आणि पहिल्या चारांना पहिला सामना स्वतःच्या मैदानावर मिळतो. आज आपण चौथे आहोत. पाचव्या डनमोरमध्ये आणि आपल्यात केसाएवढं अंतर आहे. चौथे राहिलो तर पपा येतील. पाचवे झालो तर डनमोरला जायचं, चार तास. म्हणजे नाही.

आणि हे मानांकन काढतात कसं, ते ऐकलंस तर वेडा होशील. नुसतं जिंकून भागत नाही. ज्यांना हरवलं ते पुढे किती जिंकतात, त्यावर आपले गुण वाढतात. म्हणून आम्ही दर शुक्रवारी आपल्याकडून हरलेल्या पोरींच्या विजयासाठी देवाला हात जोडतो! संघातली मारी-पॉल म्हणाली, "आधी त्यांना रडवा, मग त्यांच्यासाठी मेणबत्ती लावा."

एक मजा झाली. पावसाने बटाट्याची काढणी लांबली, म्हणून शाळेची काढणीची सुट्टी आठवडाभर वाढली आणि लाँग रिजबरोबरचा सामना अडकला. त्यांचा संघ आणि आपला, दोन्ही त्याच वावरात टोपल्या भरत होते. तर त्यांचे कोच व्हायलेट चिखलातून आपल्या कोच बुशारकडे आले.

"बुशार, बावीस पोरी इथेच आहेत. जेवणाच्या सुट्टीत पलीकडच्या गवतात उरकून टाकू."

"आणि पंच?"

"पंच तो काय, ट्रॅक्टरवर बसलाय."

ओनेझीम काका! त्यांनी हात पुसले, खिशातून शिट्टी काढली (अजून खिशात ठेवतात!) आणि खेळ सुरू. आम्ही तीन-एक जिंकलो. ओनेझीम काकांनी स्वतःच्या पुतणीला दोनदा ताकीद दिली. ती म्हणाली, "काका, रविवारी जेवायला येऊ नका आमच्याकडे." दोन्ही कोचनी निकालपत्रकावर सह्या केल्या, पंच म्हणून ओनेझीम काकांचं नाव लिहिलं, पत्रक शालेय खेळांच्या कार्यालयाला पाठवलं. तो सामना धरून आपण चौथे.

सोलांज

*

कोडियाक
५ ऑक्टोबर १९८६

सोले,

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. हा कुठला न्याय? तुम्ही सामना जिंकायचा आणि तुमचे गुण ठरायचे दुसऱ्याच्या पायांवर! विभागातल्याच दक्षिणेकडच्या शाळा चौदा सामने खेळतात, तुम्ही बारा, कारण तुम्ही तीन आठवडे वाकून बटाटे काढता. त्या डनमोरच्या पोरींना लावा टोपल्या उचलायला, मग मोजा म्हणावं गुण. आमच्या म्हाताऱ्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे मी मासा कापायचा आणि माझी मजुरी ठरायची पलीकडच्या टेबलावरचा किती कापतो यावरून?" बरोबर हेच! एकोणीस हंगाम मासे कापलेल्या माणसाला जे कळतं ते कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्यांना कळत नाही.

तू काळजी करू नकोस. तू फक्त चेंडू अडव. गप्प बसणाऱ्यांतला मी नाही.

पपांना सांग, तुला मैदानात बघतील. माझ्या वतीने सांग.

रेजाँ

*

५ ऑक्टोबर १९८६

शालेय खेळांचं कार्यालय यांस,

महाशय,

मी शिकलेला नाही, तेव्हा चुकभूल माफ असावी. तुमच्या मानांकनात उत्तरेकडच्या शाळांवर अन्याय होतो. सेंट बेनोआच्या मुली डनमोरपेक्षा कमी सामने खेळतात ते आळसाने नव्हे. त्या काळात त्या शेतात असतात. तुम्ही जे बटाटे खाता ते त्यांनी काढलेले असतात.

या मुली किती सचोटीच्या आहेत याचा एक दाखला देतो. लाँग रिजबरोबरचा सामना त्या काढणी चालू असताना, जेवणाच्या सुट्टीत, उपाशीपोटी गवतात खेळल्या. पंच होते ओनेझीम गान्यों. त्यांच्या पंचगिरीच्या कार्डाची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली आहे, पण त्यांनी सख्ख्या पुतणीलाही सोडलं नाही. तुमच्या दहा कार्डवाल्या पंचांपेक्षा आमच्या नदीकाठी त्यांच्या शब्दाला जास्त किंमत आहे. अशा संघाला तुम्ही पाचव्या क्रमांकावर ढकलू नये, एवढीच विनंती.

सेंट बेनोआचा एक हितचिंतक

*

सेंट बेनोआ
१६ ऑक्टोबर १९८६

रेजाँ,

सगळं संपलं.

काल शेवटच्या तासाला कोच बुशारनी आम्हाला व्यायामशाळेत बोलावलं. उभेच राहिले होते, बसले नाहीत. म्हणाले, "लाँग रिजचा सामना कार्यालयाने रद्द केलाय. पंचाला परवाना नव्हता. तो सामना झालाच नाही असं धरायचं." झालाच नाही! माझ्या गुडघ्यावर त्या दिवशीचं खरचटलेलं अजून आहे.

त्या एका विजयाचे गुण गेले. आपण पाचवे. डनमोर चौथे. मंगळवारी, एकवीस तारखेला, त्यांच्या मैदानावर.

कुणीतरी कार्यालयाला निनावी पत्र लिहिलंय, त्यात ओनेझीम काकांचं नाव घालून. ओनेझीम काका कालपासून घराबाहेर आलेले नाहीत. त्यांनी कार्डाचं खोटं सांगितलं नव्हतं रे, कुणी विचारलंच नव्हतं. इथे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, की त्यात लपवण्यासारखं काही आहे.

कुणी लिहिलं ते उघड आहे. सामना रद्द होऊन कुणाची हार पुसली गेली? लाँग रिजची! कोच व्हायलेटची! स्वतः सही केली, चिखलातून हसत आले होते, आणि मागून सुरा. काल आपल्या पोरींनी त्यांच्या पायऱ्यांवर कुजक्या बटाट्यांची टोपली ओतली. मी नव्हते, पण मला वाईटही वाटलं नाही. त्यांची डेनिस माझ्याशी बोलायला आली. "माझ्या बाबांनी नाही लिहिलं, सोलांज. देवाशप्पथ." मी म्हटलं, "मग काय बटाट्यांनी लिहिलं?" आणि पाठ फिरवली.

पपांना मी सांगितलं तेव्हा ते खिडकीतून मैदानाच्या बाजूला बघत होते. म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "ट्रकमध्ये उशी ठेवायला सांगितली होती तुझ्या आईला. काढायला सांग."

तू असतास तर त्या व्हायलेटच्या घरी जाऊन भांडला असतास, मला माहीत आहे.

सोलांज

*

सेंट बेनोआ
१९ ऑक्टोबर १९८६

रेजाँ,

माझ्या आधीच्या पत्रातलं कोच व्हायलेटबद्दलचं सगळं खोड. ते नव्हते.

पपा होते.

काल मुख्याध्यापक आणि कोच बुशार घरी आले. कार्यालयाने त्या पत्राची प्रत शाळेला पाठवली होती. त्यांनी ती पपांसमोर ठेवली आणि विचारलं, हे अक्षर गावातल्या कुणाचं वाटतं का, तुम्ही इतकी वर्षं गोदामात सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचल्यात. पपांनी चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "माझं आहे. व्हायलेटची माफी मागा सगळ्यांनी."

मुख्याध्यापक म्हणाले, "आदेलार, तू?"

"मीच. पोरीला घरी खेळताना बघायचं होतं. वाटलं, अर्ज केला तर बरं."

 आजारी माणसाला काय बोलणार? कोच बुशारनी त्यांचा खांदा दाबला आणि दोघं गेले. गावात सगळे म्हणतायत, बिचारा. मला बिचारा म्हणता येत नाही. त्यांना माहीत होतं, ओनेझीम काकांचं काय होईल. चाळीस वर्षांचे मित्र! आणि मला न विचारता! मी कालपासून त्यांच्याशी बोललेली नाही. ममाँ म्हणते, जाताना निदान सांगून जा. परवा पहाटेची बस आहे. नाही सांगणार.

तू माझ्या बाजूने आहेस ना? लिही.

सोलांज

*

कोडियाक
२६ ऑक्टोबर १९८६

सोले,

तुझी दोन्ही पत्रं एकाच विमानाने आली. वरचं आधी फोडलं. ते एकोणीस तारखेचं होतं. त्यामुळे "पपा होते" हे मी आधी वाचलं आणि काय झालंय तेच कळेना. मग दुसरं वाचलं. मग कापायच्या टेबलावर सुरी तशीच टाकून बाहेर गेलो.

पत्र मी लिहिलं. पाच ऑक्टोबरला, तुला लिहिलं त्याच दिवशी, त्याच पेनाने. मला वाटलं ओनेझीम काकांचं नाव घातलं की त्यांना कळेल आपण कसली माणसं आहोत. कार्डाचं मीच लिहिलं, कुणी विचारलेलं नसताना. अभिमानाने लिहिलं. तुमच्या दहा पंचांपेक्षा भारी, असं लिहिलं. सोले, मला त्यातून हे होईल असं वाटलंच नाही. ज्याला नदीकाठी सगळे ओळखतात त्याला कार्ड कशाला लागतं, एवढंच माझ्या डोक्यात. चार तासांवरच्या खुर्चीत बसलेला माणूस त्याला ओळखत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पपांनी माझं अक्षर ओळखलं.

तुझी पत्रं वाचून तडक घरी फोन लावला. तिकडे दुपार होती. मला वाटलं ममाँ उचलेल. पपांनी उचलला.

"हॅलो. कोण?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"रेजाँ?" मग, "थंडी पडली का तिकडे?"

मी म्हटलं, पडली. ते म्हणाले, इकडे पण, नदीवर सकाळी धुकं असतं. मी म्हटलं, इथे पाऊस. ते म्हणाले, पायात कोरडे मोजे घाल. मग खोकला आला आणि म्हणाले, "बरं, ठेवतो." पत्राबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी नाही काढलं आणि मी पण नाही. सामन्याचं काय झालं तेही विचारलं नाही. तुझा सामना होऊन पाच दिवस झालेत आणि तू जिंकलीस की हरलीस हे मला माहीत नाही, आणि विचारायचं माझं तोंड नव्हतं.

आणखी एक. हंगाम संपल्याशिवाय सोडत नाहीत असं लिहिलं होतं, आणि तो संपल्याचं कळवलंच नाही, ते खोटंच. माझा हंगाम वीस सप्टेंबरला संपला. म्हातारा त्याच दिवशी गेला असता, मीच त्याला थांबवलं, म्हटलं खेकड्यांचं काम निघालंय, दोघं करू. मला घरी यायची भीती वाटत होती. पपांना खाटेवर बघायची. मी एका जागी बसू शकत नाही हे तुला माहीत आहे, आणि आजारी माणसाजवळ बसावंच लागतं. म्हणून लांबून काहीतरी करायला गेलो. केलं ते हे.

हे पत्र कोच बुशारना दाखव. व्हायलेटना दाखव. ओनेझीम काकांना वाचून दाखव, ते फ्रेंच बोलणारे, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पपांशी बोल. आत्ताच्या आत्ता, हे वाचून पुरं व्हायच्या आत.

रेजाँ

*

सेंट बेनोआ
३ नोव्हेंबर १९८६

रेजाँ,

एक-शून्य. हरलो. बाविसाव्या मिनिटाला कोपऱ्यातून चेंडू आला, मी पुढे निघाले आणि पोचले नाही. त्यानंतर सतरा अडवले. त्यांच्या कोचनी शेवटी येऊन हात मिळवला. पपांनी ते काही पाहिलं नाही. घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "किती?" मी बोटं दाखवली, तोंडाने बोलले नाही. एक आणि मग मूठ. तेवढंच. त्यानंतर आजपर्यंत नाही बोलले.

तुझं पत्र आज आलं. मी उभ्याने वाचलं, स्वयंपाकघरात, आणि बाहेर पपा बसले होते. मी इतकी रागावले की आधी तुझ्यावर ओरडले, मोठ्याने, कागदावर, जसं काही तू आत आहेस. ममाँ धावत आली. मग मी बाहेर जाऊन पपांसमोर पत्र धरलं.

"का केलंत असं? का म्हणालात की तुम्ही लिहिलं?"

त्यांनी पत्र हातात घेतलं नाही. म्हणाले, "व्हायलेटच्या दाराशी बटाटे पडले होते. कुणीतरी म्हणायला हवं होतं."

"मग त्याचं नाव सांगायचं!"

तेव्हा ते म्हणाले, आणि सावकाश म्हणाले, कारण आता त्यांना एका वाक्यात दोनदा थांबावं लागतं: "माणूस समोर असला की राग ओसरतो. मी घरात आहे. दिवसातून दहा वेळा तुला माझ्यासमोरून जावं लागतं, कधीतरी बोलशीलच. तो चार हजार मैलांवर. तिकडे धरलेला राग तसाच राहतो, पोरी. माझ्या मागे तुम्ही दोघंच आहात."

माझ्या मागे, म्हणाले.

आता माझं खोटं ऐक. बरे आहेत, असं मी सप्टेंबरपासून लिहितेय. बरे नाहीत. इस्पितळातून आले तेव्हापासून नाकात नळी आहे. ऑक्सिजनची लोखंडी टाकी, खाली दोन चाकं. जिथे जातात तिथे ती मागे ओढत नेतात, आणि फार कुठे जात नाहीत. वसंत ऋतूचं डॉक्टर काही बोलत नाहीत. आम्ही विचारलं तर नाताळपर्यंतचंच बोलतात. तुला लिहिलं नाही, कारण तू घाबरून आणखी लांब गेला असतास. बरोबर होतं ना माझं?

संध्याकाळी मी तुझं पत्र घेऊन व्हायलेटकडे गेले. डेनिसने दार उघडलं. मी म्हटलं, "बटाट्यांनी नव्हतं लिहिलं. माझ्या भावाने लिहिलं." ती म्हणाली, "तो अजून तसाच आहे?" मी म्हटलं, "तस्साच." तिने आत घेतलं. ओनेझीम काकांना मी पत्र वाचून दाखवलं. "दहा पंचांपेक्षा भारी" तिथे त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "गाढव आहे." पण परत वाचायला लावलं, हे तुला सांगते.

मी तुला माफ केलेलं नाही. करायचंय, पण इथून जमत नाही. पपा म्हणतात ते खरं असेल, तर मला तू समोर हवा आहेस. ये. पोटभर ओरडते तुझ्यावर. आणि त्यांच्याजवळ बस. काही करायचं नाही. नुसतं बसायचं.

सोलांज

*

कोडियाक
११ नोव्हेंबर १९८६

सोले,

उद्याच्या विमानात जागा मिळाली. हे पत्र माझ्या मागून पोचेल, तेव्हा तू ते फोडशील तेव्हा मी समोर असेन आणि बहुतेक तू ओरडत असशील. तरी लिहितो. समोर आलो की मी पावसापाण्यावर बोलायला लागेन, तेव्हा हे तुझ्याजवळ लिहिलेलं असू दे.

कार्यालयाला दुसरं पत्र धाडलं, खाली पूर्ण नाव घालून. सामना परत मिळणार नाही, ते मला कळतं. पपांनी लिहिलं नव्हतं एवढं कागदावर असावं. मानांकन बरोबर की चूक हे मला अजूनही ठरवता येत नाही. म्हातारा म्हणतो, यादी करणाऱ्याला माणसं दिसत नाहीत आणि माणसं बघणाऱ्याला यादी दिसत नाही, तू दोन्ही न बघता पत्र लिहिलंस. 

मी ठरवलं होतं, येतोय हे पपांना कळू द्यायचं नाही, एकदम दारात उभं राहायचं. मग तुझी तारीख परत बघितली. तीन नोव्हेंबर. तू लिहिल्याला आठ दिवस झाले होते. त्या आठ दिवसांत तिकडे काय झालं असेल, कोण जाणे. शेवटी फोन लावला. ममाँने उचलला. मी विचारलं नाही कसे आहेत. म्हटलं, "ममाँ, पपांना सांग मी येतोय. आत्ता सांग. मी फोन धरून ठेवतो."

 रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग नुसतं घर. भांड्यांचा नाही, माणसांचा नाही, कसलाच आवाज नाही. मी मोजायला लागलो. चाळीसपर्यंत मोजलं, मग आकडे चुकले.

मग लाकडी जमिनीवर दोन चाकं वाजायला लागली. थांबली. परत वाजली. हळूहळू, थांबत थांबत, फोनकडे येत होती.

रेजाँ